चौकोनी कमान, गोल टायर : पिकअप ट्रकचं रूप नेमकं कशावर ठरतं?

ह्यूस्टनकर

२०१४ ते २०१८ या पिढीतली वापरलेली शेवरले सिल्व्हरॅडो १५०० घ्यायचं जवळजवळ ठरलं आहे. इंजिन, केबिन, हौदा, सगळं पसंत आहे. अडलंय ते चाकांपाशी. गाडी बाजूने पाहिली की चाकं लहान वाटतात, आणि आकडे पाहिले तर ती मुळीच लहान नाहीत. असं का होतं याचा मी बराच विचार केला. तो इथे मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

आधी आकडे. या पिढीला कंपनीकडून सर्रास येणारी मापं तीन : २५५/७० आर १७, २६५/६५ आर १८ आणि २७५/५५ आर २०. टायरची एकूण उंची काढणं सोपं आहे. पहिला आकडा म्हणजे रुंदीचे मिलिमीटर, त्याचे दुसऱ्या आकड्याइतके टक्के काढायचे, दुप्पट करायचे, इंचात आणायचे आणि शेवटचा आकडा, म्हणजे रिमचे इंच, मिळवायचे. उत्तरं येतात ३१.१, ३१.६ आणि ३१.९ इंच. म्हणजे सर्वांत साध्या ट्रकच्या आणि सर्वांत महागड्या ट्रकच्या टायरच्या उंचीत पुरता एक इंचही फरक नाही. टायरच्या माथ्यावरची मोकळी जागा तर अर्ध्या इंचानेसुद्धा कमी होत नाही. तरीही २० इंची रिमवाला ट्रक भरलेला दिसतो आणि १७ इंचीवाला उघडाबोडका.

माझ्या मते कारण असं की टायर काळा, चाकावरच्या पत्र्याच्या कमानीतली सावलीही काळी. डोळा दोन्ही एकत्र धरतो आणि चमकणारी रिम तेवढीच 'चाक' म्हणून मोजतो.

पण खरी गोम कमानीच्या आकारात आहे. या सिल्व्हरॅडोची चाकावरची कमान वरून सपाट आहे, कोपरे जवळजवळ चौकोनी. चौकोनी पाटावर गोल ताट ठेवलं की ताट पाटाएवढं रुंद असलं तरी पाटाचे कोपरे मोकळेच राहतात. इथेही तेच होतं. टायरच्या माथ्यावर चार बोटं जागा असेल तर पुढच्या-मागच्या वरच्या कोपऱ्यात त्याहून कितीतरी जास्त असते. कमान गोल असती तर तीच चार बोटं सगळीकडे सारखी राहिली असती आणि डोळ्याला खुपली नसती.

गंमत म्हणजे २००७ ते २०१३ च्या पिढीत शेवरलेच्याच मालक कंपनीच्या, जनरल मोटर्सच्या, जीएमसी सिएराची कमान सिल्व्हरॅडोपेक्षा गोल होती. ट्रक आतून तोच, फक्त पत्रा वेगळा. दोन्ही शेजारी उभे केले की सिएराची चाकं मोठी वाटतात. २०१४ मध्ये सिएराही चौकोनी झाली, आणि इथल्या ट्रकवेड्यांनी त्यावर भरपूर नाराजी व्यक्त केली.

तर विचारायचं आहे ते हे : चौकोनी कमानीच्या ट्रकला टायर मोठा करूनच रूप येतं का? आणि करायचाच तर कुठपर्यंत?

घाटमाथा

धागा आवडला. माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे, कोल्हापुरात. तुमच्या आकड्यांत आपल्याकडचे आकडे घालतो. व्ही-क्रॉसला आधी २५५/६५ आर १७ यायचे, नंतर वरच्या मॉडेलला २५५/६० आर १८ आले. दोन्हींची उंची ३० इंचांच्या आसपास, फरक नखभरही नाही. टोयोटा हायलक्सचंही तसंच. खालच्या मॉडेलला २६५/६५ आर १७, वरच्याला २६५/६० आर १८, दोन्ही साडेतीस इंच.

हे मुद्दाम सांगतो, कारण टायरच्या दुकानात लोक "एक साइज मोठी घाला" म्हणतात आणि दुकानदार रिम मोठी करून देतो. कमानीतली जागा तेवढीच राहते, रबर मात्र पातळ होतं. गगनबावड्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात एकदा गाडी घाला, मग जाड रबराची किंमत कळते. मी १७ इंचीवरच आहे आणि राहणार. मला तर जाड रबराचं काळं चाकच ट्रकला शोभतं असं वाटतं. पिकअप म्हणजे शेवटी कामाची गाडी.

ओकफांदी

मिशिगनमध्ये राहते, गाड्यांच्या बाहेरच्या पत्र्याच्या डिझाइनशी संबंधित काम बरीच वर्षं केलं आहे. ह्यूस्टनकर, कमानीच्या कोपऱ्यांचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. पण कमान अशी सपाट का करतात तेही पाहायला हवं, ती कुणाच्या लहरीतून आलेली नसते.

पिकअपला दोन उंच्या असतात, रिकामी आणि भरलेली. हौद्यात अर्धा टन पडला की मागचा भाग खाली बसतो आणि टायर कमानीत वर सरकतो. तो वर सरकतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची पूर्ण गोलाई वर जाते, म्हणजे जागा नुसती माथ्यावर असून भागत नाही, खांद्यांवरही लागते. पुढच्या चाकाला आणखी वळायचं असतं. स्टेअरिंग पूर्ण कापलं की टायरचे कोपरे पुढे-मागे झेपावतात. बर्फाच्या प्रदेशात काही जण साखळ्या बांधतात, त्यांना वेगळी जागा. हे सगळं एकत्र केलं तर जी पोकळी तयार होते ती गोल नसतेच, ती आडवी रुंद होते. सपाट कमान त्या पोकळीला जवळची आहे. गोल कमान सुंदर दिसते, पण तिच्यात तेवढीच हालचाल बसवायची तर कमान आणखी वर न्यावी लागते.

दुसरं कारण रेषांचं. ट्रकच्या अंगावर सगळ्या रेषा आडव्या : बॉनेटची, खिडक्यांची, हौद्याच्या कडेची. कमानीचा माथा सपाट ठेवला की तो या रेषांना समांतर जातो आणि गाडी एकाच ठोकळ्यातून कोरल्यासारखी वाटते. सिल्व्हरॅडोच्या डिझाइनरना हेच हवं असणार असं मला वाटतं. शेवरलेच्या घरात ही सवय जुनी आहे. १९७३ पासूनच्या ट्रकना लोक 'स्क्वेअर बॉडी' म्हणतात, त्यांच्याही कमानी वरून सपाट आणि कोपऱ्यांत गोलसर आहेत. आज त्या ट्रकवर लोक जीव टाकतात.

मग त्या जुन्या ट्रकवर सपाट कमान शोभते आणि २०१४ वर खटकते, हे कसं? माझं उत्तर : पत्र्याची उंची. ८० च्या दशकात २३५/७५ आर १५ हा अर्धटनी (सिल्व्हरॅडो १५०० च्या वर्गातल्या) ट्रकचा मोठा टायर समजला जायचा, उंची जेमतेम २९ इंच. पण हौद्याची भिंत बुटकी होती, बॉनेट खाली होतं. आता टायर दोन-तीन इंचांनी वाढला आणि पत्रा त्याहून जास्त वाढला. चाकाचा आकार आपण कधीच सुटा पाहत नाही, त्याच्या वरच्या पत्र्याच्या उंचीशी ताडून पाहतो. उंच, सपाट, रिकाम्या भिंतीखाली ३२ इंची टायरसुद्धा बारका दिसतो.

निळाई

ओकफांदी ताई, फार छान समजावलंत. एक शंका. जुन्या काळच्या पिकअपना मागे बाहेर आलेले वेगळे गोल मडगार्ड असायचे, ते कधी गेले? मला तीच रूपं सर्वांत देखणी वाटतात.

ओकफांदी

निळाई, ते मडगार्ड गेले तिथेच या सगळ्या प्रश्नाची सुरुवात आहे. जुन्या पद्धतीत हौदा अरुंद असायचा, दोन चाकांच्या मधोमध. चाकं हौद्याच्या बाहेर, म्हणून त्यांना स्वतंत्र गोल मडगार्ड. मडगार्डला दुसरं काही कामच नव्हतं, त्यामुळे ते टायरला बिलगून जायचं.

१९५५ मध्ये शेवरलेने कॅमिओ कॅरियर आणला, त्यात जुन्याच हौद्याच्या बाहेरून फायबरग्लासचे सपाट पत्रे चढवून बाजू सलग केली होती. १९५७ मध्ये फोर्डने स्टाइलसाइड आणला आणि १९५८ मध्ये शेवरलेचा फ्लीटसाइड आला. हौदा रुंद झाला, त्याची भिंत चाकाच्या वरून बाहेर आली आणि चाक आत गेलं. तेव्हापासून मागच्या चाकाची कमान म्हणजे सलग भिंतीत कापलेलं भोक. त्या भोकाचा आकार काय ठेवायचा हा निर्णय तिथून सुरू झाला.

चाक आत आलं तरी फार आत येऊ शकत नाही. हौद्यात चाकांवर जे दोन उंचवटे असतात त्यांच्या मधून चार फुटी प्लायवूड सपाट बसलं पाहिजे, ही मोठ्या अमेरिकी पिकअपची जुनी अट आहे. सुताराचं, गवंड्याचं काम त्यावर चालतं. गोल मडगार्डवाले हौदे हौसेखातर पुढे कित्येक वर्षं मिळत राहिले, पण माल कमी मावायचा म्हणून मागे पडले.

कृष्णाकाठ

आमचं गाव सांगलीजवळ, घरात बोलेरो पिकअप आहे, मंडईला माल नेतो. चर्चा अमेरिकी गाड्यांची चालली आहे, तरी एक सांगावंसं वाटतं. रिकाम्या गाडीचं मागचं चाक आणि कमान यात जी जागा दिसते ती बघून वाईट वाटून घेऊ नका. आमच्या गाडीला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत. टोमॅटोचे क्रेट रचून झाले की ती सगळी जागा भरून येते आणि तेव्हाच गाडी सरळ उभी राहते. रिकामी असताना मागून उचललेली, भरली की सपाट. शेतकऱ्याला ती भरलेलीच देखणी दिसते.

आमच्या भागात काही पोरं मागे मोठा टायर टाकतात. भर भरला आणि रस्त्यात मोठा खड्डा लागला की टायर थेट पत्र्याला घासतो. धूर निघालेला मी पाहिला आहे. कमानीतली जागा रिकामी नसते, ती भराची जागा आहे.

ह्यूस्टनकर

कृष्णाकाठ, मनापासून आभार. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि इथेही तो तंतोतंत लागू आहे. अमेरिकी पिकअपसुद्धा कारखान्यातून मागून थोडे उचललेले येतात. म्हणून इथे 'लेव्हलिंग किट'चा मोठा धंदा आहे : पुढचा भाग साधारण दोन इंच उचलायचा, ट्रक सपाट दिसतो. पण मग पुढच्या कमानीतली जागा दोन इंचांनी वाढते आणि टायर आणखीच लहान दिसायला लागतो. म्हणजे किट बसवलं की मोठा टायर आलाच.

हिशोब असा : टायरची उंची दोन इंचांनी वाढवली तर गाडी एक इंच उचलली जाते आणि कमानीतली जागा एकच इंच भरते, कारण उरलेला इंच चाकाच्या आसाच्या खाली गेलेला असतो. दोन इंच उचललेली जागा नुसत्या टायरने भरायची तर टायर चार इंच मोठा लागेल. ते या ट्रकमध्ये काही कापल्याशिवाय बसणार नाही.

दख्खनी

नॉर्थ कॅरोलायनातून. इथे उलटी फॅशन आली होती, पुढचा भाग उंच आणि मागचा जमिनीला टेकलेला. हेडलाइट आकाशाकडे, ड्रायव्हरला समोरचं माणूस दिसत नाही. २०२१ मध्ये राज्याने कायदाच केला : पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त असेल तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. पाठोपाठ व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनानेही बंदी घातली. योग्यच केलं.

घाटमाथा

आपल्याकडेही हे ध्यानात ठेवा. गाडीत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणी पुस्तकात जे आहे आणि कंपनीने जे बनवलं आहे त्यापासून गाडी वेगळी होईल असे बदल चालणार नाहीत. पासिंगला अडचण येते आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला दिलेलं माप घालणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

सह्यकडा

मला चौकोनी कमानीची बाजू घ्यायची आहे. जीप ग्लॅडिएटर बघा. तिच्या कमानी तर उघड उघड समलंब चौकोनासारख्या, वर सपाट आणि दोन्हीकडे तिरक्या. एकही कोपरा गोल नाही. तरी चाक लहान आहे असं कुणी म्हणत नाही. रुबिकॉन मॉडेलला २८५/७० आर १७ येतात, म्हणजे पावणेतेहतीस इंच, आणि रिम फक्त १७ इंची. रिम मोठी असली तरच चाक मोठं दिसतं हे इथे टिकत नाही.

माझ्या मते जीपला तीन गोष्टी तारतात. बाजूचा पत्रा बुटका आहे. मडगार्ड अंगापासून बाहेर आलेलं आहे, त्यामुळे टायर सावलीत लपत नाही, त्याचा तोंडावळा उजेडात राहतो. आणि कमानीच्या कडा तिरक्या असल्याने कोपरे टायरच्या गोलाईकडे झुकतात, तिथे पोकळी साचत नाही. सिल्व्हरॅडोची चूक चौकोनात नाही, कोपरा पुरेसा तिरका न करण्यात आहे.

टेस्ला सायबरट्रकचंही तेच. कमानी सरळ रेषांच्या, पण टायर २८५/६५ आर २०, साडेचौतीस इंच. गाडी आवडो न आवडो, चाक कमानीत हरवत नाही.

ओकफांदी

सह्यकडा, तिरक्या कडांचा मुद्दा पटला. जीपच्या काळ्या मडगार्डचाही वाटा मोठा आहे. कमानीभोवती काळी प्लास्टिकची पट्टी असली की ती आतल्या सावलीत मिसळते. डोळ्याला कमान, सावली आणि टायर मिळून एकच मोठं काळं चाक दिसतं, शिवाय वरचा रंगीत पत्रा तेवढ्याने बुटका होतो. एका पट्टीने दोन्ही कामं होतात.

याच्या उलट क्रोमची पट्टी. कमानीच्या कडेला चमकणारी रेघ ओढली की टायर आणि पत्र्यामधली फट ठळक होते. ह्यूस्टनकर, तुम्ही पाहताय त्या ट्रकवर तसली पट्टी असेल तर आधी ती काढा. फुकटात फरक पडेल. आणि गाडीचा रंग अजून ठरायचा असेल तर गडद रंग घ्या. पांढऱ्या ट्रकवर कमानीचं भोक सर्वांत जास्त उठून दिसतं.

निळाई

फोर्ड रॅप्टर? तिची चाकं तर कंपनीतूनच भरलेली दिसतात.

सह्यकडा

रॅप्टरसाठी फोर्डने नुसता टायर मोठा केला नाही, अख्खे मडगार्ड रुंद केले, सस्पेन्शन वेगळं दिलं. पहिल्या रॅप्टरला ३१५/७० आर १७ होते, सांगताना ३५ इंची म्हणतात, हिशोबाने साडेचौतीसच्या जरा खाली. २०२१ च्या पिढीत ३७ इंची टायरही कंपनीतूनच मिळू लागले. हौशी माणूस घरी टायर बदलतो तेव्हा त्याला टायरच तेवढा बदलता येतो, कमान तीच राहते.

शेवरलेनेही पुढच्या पिढीत हे ओळखलं. २०१९ च्या सिल्व्हरॅडोला ट्रेल बॉस आवृत्ती आली, कंपनीतूनच दोन इंच उचललेली, २७५/६५ आर १८ टायरसह. २०२२ मध्ये झेडआर२ आली, तिला २७५/७० आर १८, तेहतीस इंच. कमान या पिढीतही वरून सपाटच आहे, पण टायर आणि उंची एकत्र ठरवल्यामुळे ती अंगाला बसते.

मालवाहू

इतका वेळ दिसण्याचीच चर्चा, म्हणून चालवण्याचं सांगतो. मी इथे ओहायोत टायरच्याच कामात आहे.

३१.६ वरून ३३.२ वर गेलात तर टायर पाच टक्क्यांनी मोठा झाला. स्पीडोमीटर ६० मैल दाखवेल तेव्हा तुम्ही ६३ ने जात असाल. गिअर तेवढाच लांब होतो, चढावर ट्रक आळसावतो. जाड भिंतीचे ट्रकचे टायर साध्या टायरपेक्षा बरेच जड असतात, त्यामुळे ब्रेकवर ताण येतो आणि पेट्रोलही जास्त जातं.

आता ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला जिथे बसते तिथपर्यंतचं अंतर. पुष्कळ जण टायर तोच ठेवून रिम बाहेर काढतात, चाक पत्र्याच्या बाहेर डोकावलं की ट्रक रुंद दिसतो. तुमच्या ट्रकच्या मूळ रिमचा ऑफसेट साधारण २५ मिलिमीटर धन असतो. शून्य ऑफसेटची रिम घातलीत तर चाक इंचभर बाहेर येईल. माथ्यावरची जागा तेवढीच, पण आता स्टेअरिंग कापलं की टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि कमानीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात घासतो. दारावर चिखल उडतो तो वेगळाच. लोक टायरला दोष देतात, घासतो मात्र तो रिममुळे.

ह्यूस्टनकर

मालवाहू, मग या ट्रकला उंची न बदलता आणि काही न कापता तुम्ही काय घालाल?

मालवाहू

१८ इंची मूळ रिम, मूळ ऑफसेट, २७५/६५ आर १८. उंची ३२.१ इंच, म्हणजे आत्तापेक्षा अर्धा इंच जास्त आणि एक सेंटिमीटर रुंद. स्पीडोमीटरचा फरक दोन टक्क्यांच्या आत. या पिढीला हे माप सहसा कटकट न करता बसतं. तरी पैसे देण्याआधी एक टायर पुढे चढवून दोन्हीकडे पूर्ण स्टेअरिंग कापून बघा, उलटं मागे घेतानाही बघा, कारण कित्येकदा मागे जातानाच घासतं.

आणि टायरचा खांदा, म्हणजे माथा आणि बाजूची भिंत मिळतात ती कड, चौकोनी असलेला नमुना निवडा. ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांच्या) टायरच्या कडेला जाड ठोकळे असतात, ते चौकोनी कमानीत गोल खांद्याच्या हायवे टायरपेक्षा जास्त भरतात. मापाचा आकडा तोच, पण कोपऱ्यातली पोकळी कमी वाटते. दुकानात दोन नमुने शेजारी लावून बघितलेत की लगेच कळेल.

ओकफांदी

टायरच्या खांद्याचा मुद्दा फार मोलाचा आहे. आम्ही मातीच्या मॉडेलवर काम करायचो तेव्हा चाकाचा नमुना बदलला की अख्ख्या बाजूचा तोल बदलायचा, आणि त्यात खांद्याचा वाटा माथ्याइतकाच असायचा.

ह्यूस्टनकर

सगळ्यांचे आभार. शनिवारी ट्रक बघायला जातोय. लेव्हलिंग किटचा विचार सोडला, कारण मला हौद्यात वरचेवर माती आणि लाकूड न्यायचं आहे आणि कृष्णाकाठ म्हणतात तशी मागची जागा मला लागणार आहे. क्रोमची पट्टी असेल तर काढेन. टायर मालवाहूंनी सांगितलेलं माप, ऑल-टेरेन, मूळ रिमवर. एकच राहिलं : १८ इंची मूळ रिम चंदेरी आहेत. काळ्या करून घ्याव्यात की तशाच ठेवाव्यात?

घाटमाथा

तशाच ठेवा. तुम्हीच वर लिहिलंत ना, डोळा चमकणारी रिम तेवढीच मोजतो. काळी केलीत तर मोजायलाही काही उरणार नाही.

सह्यकडा

माझं मत वेगळं आहे. गडद ट्रक असेल तर काळी करा, जीपसारखं एकच काळं वर्तुळ दिसेल. पांढरा असेल तर चंदेरीच. दोन्ही रंगांच्या ट्रकचे बाजूने काढलेले फोटो मिळाले तर इथे टाका, सरळ उभं राहून, चाकाच्या उंचीवरून काढलेले. वरून काढलेल्या फोटोत कमान नेहमी जास्त रिकामी दिसते.